रघुजी वैमानिक घर शोधतो

रघुजीने आयुष्यात एक्केचाळीस उड्डाणे केली. सगळी मिळून तो एक तास बावन्न मिनिटे हवेत होता. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला निवृत्त वैमानिक म्हणवून घेई, आणि त्याला हरकत घ्यायला आसपास दुसरा वैमानिक नव्हता.

मूळचा तो सुतार. त्याचे पूर्वज मराठी फौजेच्या तंबूंचे खांब तासत माळव्यात आले आणि धार गावाकडेच राहिले. तेव्हापासून कौले चढवण्यापलीकडे घराण्यात कुणी जमीन सोडली नव्हती.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. आमखेडीचे जहागीरदार तात्यासाहेब यांनी त्यात दोन लांबलचक खोकी उचलली. आत काय आहे ते त्यांनी घरी आल्यावर पाहिले. लाकडाचा सांगाडा, वर ताणलेले कापड, पंखांची लांबी वीस हात, वजन अडीच मण. इंजिन नव्हते. इंजिनाचे खोके वाटेत चोरीला गेले असे समजून तात्यासाहेबांनी गाडीवानाला दोन दिवस कोठडीत ठेवले. मग कारकून मोरोपंतांनी सोबतचे इंग्रजी पुस्तक वाचले आणि सांगितले, "सरकार, हे ग्लायडर. याला इंजिन नसतंच. टेकडीवरून रबरी दोरानं ओढून सोडायचं, गोफणीतून दगड सुटतो तसं. मग वाऱ्यावर तरंगत खाली यायचं."

पहिल्या दिवशी तात्यासाहेब स्वतः बसले. ते तरंगले नाहीत, नुसते खाली आले, शेजारच्या ज्वारीत. आठ दिवस कंबर शेकल्यावर त्यांनी हुकूम काढला की, ज्याने सांगाडा जोडला त्यानेच बसावे. जोडला होता रघुजीने.

मोरोपंत खालून पुस्तक वाचून ओरडत आणि रघुजी वरून ऐके. "आता दांडा पुढे!" हे वाक्य त्याच्या कानावर पडेपर्यंत तो जमिनीवर आलेला असे. तरी चार-सहा वेळा आपटून त्याला हात बसला. जहागिरीच्या नोकरपटात वैमानिक अशी जागा नव्हती म्हणून मोरोपंतांनी त्याला पागेत, घोडा नसलेला स्वार म्हणून दाखवले. त्यामुळे त्याला न दिलेल्या घोड्याचे हरभरे दरमहा घरी येत. बकुळा, त्याची बायको, त्यांची उसळ करी.

बावन्न साल सरता सरता जहागिरी गेल्या. तात्यासाहेब पुण्याला निघाले. जाताना त्यांनी रघुजीला बोलावले आणि म्हणाले, "विमान तुला दिलं. पुण्यात त्याला जागा नाही."

आमखेडीतही नव्हती. विमान तबेल्यात राही आणि तबेला आता सरकारी गोदाम होणार होता. अक्षय्य तृतीयेपर्यंत तो मोकळा करायचा होता. रघुजीचे घरही तबेल्याला लागून, तेही जाणार. म्हणजे दोन महिन्यांत त्याला बायको, बिऱ्हाड आणि वीस हात पंख घेऊन कुठेतरी जायचे होते. साधा पेन्शनर विहीर बघतो, वैद्य बघतो, देऊळ बघतो. रघुजीला टेकडी हवी होती, टेकडीवर समोरून येणारा वारा हवा होता आणि उतरायला मोकळे रान. सुतारकीला परत जायचे त्याच्या मनात नव्हते. वय पंचावन्न. बेचाळिसावे उड्डाण झाले नाही तर उरलेले आयुष्य तो म्हातारा सुतार म्हणून काढणार होता, आणि या विचाराने त्याला जेवण जात नसे.

काठीला फडक्याची पट्टी बांधून, ती हातात धरून तो निघाला, मागे बकुळा. मुलगी बघायला जावे तशी त्याने गावे पाहिली.

पहिले देवास, बकुळेचे माहेर. तिचा भाऊ दत्ताजी त्यांना टेकडीच्या अर्ध्यापर्यंत घेऊन गेला. पट्टी सपाट आडवी झाली. वारा उत्तम.

"दाजी, वाऱ्याचं सोडा," दत्ताजी म्हणाला. "वर देवी आहे. तिच्या डोक्यावरून तंगड्या लोंबकळवत माणूस गेला तर गाव काय म्हणेल?"

"मी बाजूनं जाईन."

"कोणत्या बाजूनं? थोरल्या पातीच्या का धाकट्या?"

देवासात पूर्वी दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि त्यांची हद्द भर गावातून गेलेली. दोन्ही विलीन होऊन पाच वर्षे झाली होती. पण दत्ताजी थोरल्या पातीचा नोकर. पलीकडची भाजी त्याने अजून घरात येऊ दिली नव्हती.

"पात्या गेल्या ना आता?" रघुजीने विचारले.

"पात्या गेल्या, माणसं आहेत ना. इकडून उडालात आणि तिकडं पडलात, तर तिकडचे म्हणतील थोरल्यांनी टाकला, आणि इकडचे म्हणतील धाकट्यांनी ओढून घेतला. तुम्हाला उचलायला कोणी यायचं नाही. आणि मला सांगा, हा सांगाडा इथवर आणणार कोण?"

"वर जातो तो," रघुजी म्हणाला.

"आपणहून?"

बकुळा पदरात हसली. रघुजीला प्रश्नच कळला नाही. सहा वर्षे तो टेकडीवर जाई तेव्हा विमान वर असे.

मग हाटपिपल्या. तिथे डोलग्यारसीला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, नृसिंहाची दगडी मूर्ती नदीवर तरंगते. ज्या गावात दगड पाण्यावर तरंगतो तिथे लाकूड हवेत तरंगायला अडचण पडू नये, असा रघुजीचा हिशेब होता. पण टेकडी मनाजोगी नव्हती, आणि देवाकडे टेकडी मागायला पाच महिने थांबा, असे पुजारी म्हणाला.

मग मनावर गाव. तिथे ऊन मरणाचे आणि घारी उंच गिरक्या घेत होत्या. खालून गरम हवा चढते याची ती खूण. रघुजी खूश झाला. बाजारात चार व्यापारी गोळा झाले. त्यांना त्याने आपल्या विमानाचे सांगितले.

"भिया, कितनी बोरी आएगी इसमें?"

"पोती नाहीत. मी एकटा."

"आणि भाडं?"

"भाडं नाही."

"मग जाता कुठं?"

"खाली."

व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने बकुळेला मोठ्या अदबीने विचारले, "बाई, यांना ऊन लागलं का? ताक मागवू?"

ताक आले. बकुळेने दोन लोटे घेतले आणि गाव चांगले आहे असे मत दिले.

शेवटी गंधवानी. तिथल्या टेकड्या पाहून रघुजीचे डोळे निवले. चढ, वारा, उतरायला रान, सगळे जसे मागितले तसे. एका झाडाखाली आठ-दहा भिल्ल मंडळी दुपारची बसली होती. त्यात एक म्हातारा होता. रघुजीने त्याला सगळे समजावले. बारा माणसे, दहा दोराला आणि दोन शेपटीला. तो 'धावा' म्हणाला की उतारावर धावायचे.

म्हाताऱ्याने पूर्ण ऐकून घेतले. मग शांतपणे विचारले, "साहब, वेठ तो बंद हो गई नी?"

"म्हणजे?"

"राजा होता तेव्हा बोलावलं की जावं लागे. पैसा नाही, भाकरी नाही. आता बंद झालं म्हणतात. खरं ना?"

"खरं," रघुजी म्हणाला.

"मग ठीक," म्हातारा म्हणाला आणि आडवा झाला.

 परतीच्या बैलगाडीत रघुजीने काठीची पट्टी सोडून खिशात घातली.

अक्षय्य तृतीयेला पाच दिवस उरले. विमान मोडून खोक्यात भरायचे, त्याआधी एकदा तरी उडू, म्हणून तो गणोजीकडे गेला. गणोजी आमखेडीचा दोरवाल्यांचा मुकादम. हुकूम आला की बारा माणसे गोळा करणारा तोच.

"गणोजी, उद्या सकाळी माणसं घेऊन ये. शेवटचं उडतो."

गणोजी नांगराचा दांडा बघत बसला होता. दांडा चिरला होता. त्याने वर पाहिले नाही. "हुकूम कोणाचा, भिया?"

"हुकूम कसला? मी सांगतोय."

"तुम्ही आजवर कधी सांगितलंच नाही. सरकार सांगायचे. तुम्ही यायचे, बसायचे, 'धावा' म्हणायचे." गणोजीने दांडा खाली ठेवला. "अडीच मण ओझं. तीनशे हात चढ. पाऊण तास लागतो वर न्यायला, पंखाला धक्का लागू न देता. मग तुम्ही चार मिनिटांत खाली. मग आम्ही खाली. मग ते रानातून उचलून तबेल्यात. बारा माणसांचा अर्धा दिवस. सहा दिवसांचं काम झालं की नाही?"

रघुजीने मनात मोजले. बरोबर होते.

"आपल्या दोरावरल्या शाळिग्रामचे पुढचे दात कशानं गेले, ठाऊक आहे?"

"बैलानं लाथ मारली ना?"

"दोर तुटला. तुमचं अठरावं. तुम्ही वर होतात, दिसलं नसेल."

अठरावे उड्डाण रघुजीला चांगले आठवत होते. त्या दिवशी तो वेशीच्या चिंचेवरून गेला होता आणि तात्यासाहेबांनी त्याला फेटा बांधला होता. पुढे पाच वर्षे शाळिग्राम त्याला रोज भेटत होता, तोंडावर हात ठेवून हसत होता.

 मग रघुजीने नांगराचा दांडा उचलून पाहिला. "हा नवा करायला हवा. बाभळीचा. दोन दिवस लागतील."

"मग?"

"दांडा मी करतो. तू मला एक उड्डाण दे."

"एका दांड्याला बारा माणसं?" गणोजी हसला. "गावात सात नांगर आहेत, चार गाड्या आहेत, शाळिग्रामचं दार आहे. सगळं करा, मग बघू. आणि आधी एक दिवस दोराला या. मी बसतो."

"तू? तुला विमानाचा दांडा धरता येतो?"

"सहा वर्षं मोरोपंतांचं ओरडणं आम्हीही ऐकलंय. टेकडीवरून नको. खालच्या उतारावरून."

रघुजी घरी आला तेव्हा बकुळेने भांडी बांधून ठेवली होती. जाते मात्र होते तिथेच होते.

"हे का नाही काढलं?"

"गणोजीच्या मागची पडवी रिकामी आहे. तिथवर लोटत नेऊ," ती म्हणाली. "बारा माणसं तुम्हाला दुसरीकडं कुठं मिळायची होती?"

"मग देवास, मनावर, गंधवानी कशाला हिंडलीस?"

"माहेर झालं, ताक झालं. तुम्ही नेत होता, मी येत होते."

तृतीयेच्या आदल्या सकाळी विमान निघाले. खालचा उतार फक्त साठ हात. रघुजीने उजव्या पंखाखाली खांदा दिला. वीस हातांवर त्याला धाप लागली. चाळीसवर खांदा सोलला. आजवर पंखावर एकही ओरखडा कसा नव्हता, याचे त्याला प्रथमच नवल वाटले. वर पोचल्यावर त्याला दोराला जागा मिळाली, डावीकडून तिसरी, शाळिग्रामच्या मागे.

गणोजी बसला. धोतर खोचले, फेटा सारखा केला, आणि रघुजीच्याच सुरात ओरडला, "धावा!"

रघुजी धावला. रबरी दोर ताणला, तळव्यांतून आगीसारखा सरकला, आणि सुटला. रघुजी गुडघ्यावर पडला. डोक्यावरून दोन पुरुष उंच विमान गेले, पन्नास पावले तरंगले आणि गवतात बसले.

सगळे धावत खाली गेले. गणोजी पट्टा सोडून उतरला. त्याने मागे उताराकडे पाहिले, मग रघुजीकडे.

"बस? एवढंच?"

 शाळिग्राम तोंडावर हात न ठेवता हसत होता. "भिया, आता माझी पाळी," तो म्हणाला.

तळव्यांवर फोड टरटरून आले होते. रघुजीने धोतराचा सोगा फाडून दोन्ही हातांना गुंडाळला. दहा माणसे उभी होती, त्याच्याकडे बघत. सवयीने ती हुकमाची वाट पाहत असावीत.

तो उजव्या पंखाखाली जाऊन वाकला.