शालूचे चार कुत्रे

माझ्या लग्नातल्या शालूचे चार कुत्रे झाले, त्याला रॉक अँड रोल जबाबदार आहे.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी राहायचो. माझा नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मी घरात. मुलगी स्वाती चौदा वर्षांची, म्हणजे आमच्याशी बोलणं तिने जवळजवळ बंदच केलं होतं. शाळा नवी, मैत्रिणी नव्या, आणि त्यांच्यात आपण वेगळं दिसू नये हा एकच ध्यास. अशी मुलगी एक दिवस आपणहून स्वयंपाकघरात आली!

"मॉम, फ्रायडेला स्कूलमध्ये फिफ्टीज डान्स आहे. सगळ्यांनी नाइन्टीन-फिफ्टीजसारखं ड्रेस करायचं. आय नीड अ पूडल स्कर्ट!"

"पूडल म्हणजे काय गं?"

"अ डॉग, मॉम! मोठा राउंड स्कर्ट, त्याच्यावर डॉग. तू शिवशील?"

तू शिवशील! वर्षभरात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच शालू काढला.

"अगं, शालू कापतेस?" नवरा ओरडला. "दुकानात मिळत नाही का?"

"मिशिगनमध्ये कोणाच्या लग्नाला नेसू? बॅगेत कुजतोय नुसता."

घेर झकास जमला. राहिला कुत्रा. आता पूडल मी जन्मात पाहिला नव्हता. घरात कुत्र्याचं चित्र एकच, देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत. तेच समोर ठेवून मी जरीच्या पदरातून कुत्रे कापले. शेपट्या वर, बरगड्या स्पष्ट.

"चार कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"दत्ताजवळ चारच असतात."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. (इंजिनिअर माणूस. आकडा जुळला की समाधान!)

शुक्रवारी संध्याकाळी स्वातीने स्कर्ट पाहिला. "इट्स... शायनी," एवढंच म्हणाली. दुसरा स्कर्ट आणायला वेळ नव्हता, म्हणून घातला. मी सरबत वाढायला आपलं नाव दिलं होतं, तेव्हा मीही गेले.

दारातच कळलं, बूट काढून आत जायचं. जिमची लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून सगळ्यांनी मोज्यांवर नाचायचं! बूट काढायला आम्हाला काय सांगायला हवं? मी ताबडतोब काढले. मोजे मात्र नव्हते. जोडवी घातलेले माझे अनवाणी पाय घेऊन मी सरबताच्या टेबलामागे उभी राहिले.

बाकीच्या मुलींच्या स्कर्टवर एकेक पांढरा, केसाळ, लाडावलेला कुत्रा. आमच्या स्वातीच्या अंगावर गल्लीतली टोळी!

"आर दोज हायनाज?" एका उंच मुलीने विचारलं. हायना म्हणजे तरस! सगळ्या हसल्या.

"माय मॉम मेड इट," स्वाती म्हणाली. "शी डझन्ट नो. इंडियात दे डिडन्ट हॅव द फिफ्टीज."

म्हणजे एकोणपन्नास साल संपलं आणि भारतात थेट साठ उजाडलं! हसू आलं नाही. फार लागलं मला ते. हातातला पेला मी नको इतका भरला.

तेवढ्यात रॉक अँड रोलचं एक गाणं लागलं, आणि पहिल्या ठेक्याला मी ते ओळखलं. नागपूरला शेजारच्यांच्या रेडिओवर हेच ऐकलं होतं, सोळा वर्षांची असताना. खिडकीत उभी राहून नुसता पाय हलवत होते, तर मागून बाबा कडाडले, "काय माकडचाळे लावलेत? बंद कर!" खिडकी लागली ती लागलीच.

इथे तर खिडकी नव्हती. बाबाही नव्हते. माझा पाय हलला, मग दुसरा हलला. मग मी टेबलाच्या मागून केव्हा पुढे आले ते मला कळलं नाही. जोडवी वाजत होती. वीस-पंचवीस मुलं थांबून बघायला लागली. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या!

स्वाती धावत आली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"मॉम! स्टॉप इट! प्लीज, स्टॉप!"

थांबले. सवय होती.

स्कर्ट दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात दिसला. मी तो उचलला, धुतला, आणि कुत्र्यांसकट दत्ताच्या तसबिरीखाली अंथरला.

अजूनही आरती करताना माझा पाय मधेच तो ठेका धरतो. चारही कुत्रे शेपट्या वर करून बघत असतात. घरात तेवढेच चौघे आहेत, जे मला 'बंद कर' म्हणत नाहीत!