कोयता आबांचा, गुन्हा मालकावर

मंडळी, आज लई बरं वाटतंय.

मी बीडमध्ये भाड्याच्या खोलीत राहते, शिलाई करते. साखर कारखान्याचा हंगाम संपला म्हणून माझे वडील, आबा, ऊसतोडीवरून सकाळी माझ्याकडं उतरले. बोचक्यातून कोयत्याची मूठ दिसत होती. ती बघून घरमालक अंगणातच ओरडला, "हत्यारं घेऊन माणसं येतात इथं! पोलिसांचा नियम हाय, अनोळखी माणूस ठेवायचा न्हाई. आजच्या आज खोली खाली कर!"

आबा गुमान निघायला लागले. तिथंच माझं डोकं फिरलं. बोचकं मीच उचललं. "नियम हाय ना मालक? मग चला ठाण्यात."

मालक तावातावानं आला पण!

हवालदार कोयता बघून हसला, "ह्यो तर ऊस तोडायचा कोयता." मग मालकाला म्हणाला, "तुमी भाडेकरूंची माहिती दिलीय का ठाण्यात?" एवढ्या खोल्या, एकाचीही दिलेली नव्हती. ज्या नियमाचा धाक त्यानं घातला, त्यात माहिती न दिल्याचा गुन्हा मालकावरच दाखल होतो.

"ताई, मिटवा की," मालक हळूच म्हणाला. सकाळपर्यंत मी 'ए पोरी' होते.

न्हाई मिटवलं. जबाब देऊनच उठले.

आबा आता माझ्याच खोलीत आडवे झालेत. कोयता मी दाराबाहेर खिळ्याला टांगलाय, मालकाला येता-जाता दिसेल असा.

तुमच्या मालकानं दिलीय का तुमची माहिती? नसेल तर सांगा. ठाण्यात मी येते सोबत.