गॅल्व्हॅनिक म्हणजे काय

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवायचो. एकदा 'गॅल्व्हॅनिक' शब्दाचा अर्थ विचारला. मला 'रासायनिक क्रियेतून तयार झालेल्या विजेचा' एवढंच उत्तर हवं होतं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, लोखंडी पत्र्यावर जस्त चढवत्यात की, त्येच. पाणी लागलं की आधी जस्त झिजतंय, लोखंड वाचतंय."

"पत्रेवाला!" कुणीतरी ओरडलं. वर्ग खदाखदा हसला. मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. हातातलं लाकडी डस्टर मी त्याच्या कानशिलावर हाणलं. कानातून रक्त आलं, तरी आणखी दोनदा हाणलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. शिरोलीच्या एका गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात लोखंडी खांब वितळलेल्या जस्तात बुडवायचं त्यांचं काम. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. त्यांनी माझी गचांडी धरून मला कपाटावर आदळलं. काच फुटून माझ्या पाठीत घुसली.

"त्यो शब्द मी शिकवलाय त्येला! रोज हात भाजून घेतोय मी त्या जस्तात. खोटा हाय व्हय?"

शिपाई आणि दोन शिक्षकांनी त्यांना ओढलं, खाली पाडलं, लाथा घातल्या. मी नको म्हणालो, पण फार हळू. मुख्याध्यापक पोलिसांना फोन लावत होते. तो मात्र मी धावत जाऊन ठेवायला लावला.

पाठीला टाके घालून घरी आलो आणि कॉलेजातलं जाडजूड पुस्तक काढलं. दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की बारीकशी वीज वाहते, तिच्यापायी जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. म्हणजे पोराचं उत्तर माझ्यापेक्षा पुढचं होतं.

मी ते भर वर्गात सांगितलं, त्याची माफी मागितली. कानात कापूस घातलेला तो मुलगा वहीवर रेघा ओढत राहिला. मग त्याच्या घरी गेलो. वडील दारातच उभे राहिले.

"डाक्टर म्हणतोय, त्या कानानं आता ऐकू येणार न्हाय," ते म्हणाले. "तुम्ही जावा सर."

त्यानंतर मी पोरांवर हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्याच वर्षी आणखी एकदा उचलला. मग मीच पोरांना शिकवणं सोडलं आणि शाळेच्या ऑफिसात काम मागून घेतलं.