विलासरावांनी परत ठेवलेली अंगठी

विलासराव गेल्याचा फोन माझ्या ऑफिसात आला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पलीकडून माझी धाकटी बहीण मंदा एवढंच म्हणाली, "दादा, हे गेले... कामावरच." विलासरावांचं वय छत्तीस, लग्नाला नऊ वर्षं. दीड महिना होतोय आता. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, लेखक नव्हे. पण माझ्या या मेहुण्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीत मी चुकलो होतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते नाशिकच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. वडील नांदगावला रेल्वेत गँगमन. अख्ख्या वस्तीतला हा पहिला इंजिनिअर. आमचे वडील हयात नव्हते, म्हणून स्थळ मीच पाहिलं : पदवी, पक्की नोकरी, पगार. साखरपुडा झाला आणि तिसऱ्या रविवारी विलासराव सायकलवरून एकटेच आले. "जयभीम, दादा," म्हणत बसले आणि खिशातून पत्र काढलं. पुण्याला फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं, पूर्णवेळ. म्हणजे नोकरी सोडायची. मग बोटातली अंगठी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "तुम्ही बहीण दिलीत ती पगारदार इंजिनिअरला. महिन्याभरानं तो मी नसेन. नाही म्हणालात तरी मला राग नाही."

"अहो, चांगलं चाललंय की! मग हे कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, नवं मशीन घ्यावं म्हणून त्यांनी साहेबांपुढे सगळा तपशील मांडला होता. साहेबांनी एकच विचारलं, हे आपली किंमत किती वर्षांत भरून काढेल? "मला त्या मशीनचा नट न् नट माहीत होता, दादा. पण याचं उत्तर... सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मशीन रद्द झालं. खाली आम्ही राबतो आणि ठरतं वरच्या खोलीत. मला त्या खोलीत बसायचंय." त्यांच्या वडिलांनी तर कपाळाला हात लावला होता, "इंजिनेर झाला ना बाबा? मंग आजून काय व्हायचं हाय?" हे सांगताना ते हसले.

मी कागद घेतला. चोवीस महिने पगार शून्य, फी, वसतिगृह, गावी पाठवायचे पैसे. बेरीज करून कागद त्यांच्यापुढे सरकवला. "जमत नाही." वाद न घालता ते उठले. तेवढ्यात मंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. कागद वाचून म्हणाली, "दादा, यात माझा पगार कुठंय?"

मी तो धरलाच नव्हता. लग्नानंतर तो आपला नाही, म्हणून आमच्या बाजूला नाही. आणि त्यांच्या बाजूला लिहायचं मनातही आलं नाही.

"मी तुमच्या जिवावर शिकू?" विलासराव संकोचून म्हणाले.

"जिवावर नाही हो, पगारावर. आणि नापास झालात तर बघा!" तिनं अंगठी त्यांच्याकडे सरकवली.

ते प्रथम श्रेणीत पास झाले. पुढे नाशिकजवळच्या अंबडच्या एका कंपनीत तशाच वरच्या खोलीत बसले. पण मशीन मागायला आलेल्या इंजिनिअरला त्यांनी नुसतं 'नाही' सांगून कधी परत पाठवलं नाही. शेजारी बसवून आधी ते गणित शिकवायचे.

स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी दारावर पाटी लावली. वर मंदाचं नाव, खाली स्वतःचं. "लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. "घर ज्या क्रमानं उभं राहिलं, त्याच क्रमानं लिहिलंय," ते म्हणाले. परवा शेजारच्या बाईंनी मंदाला सुचवलं, पाटी आता नवी करून घ्या. मंदानं ती उतरवली, पदरानं दोन्ही नावं पुसली... आणि होती तशीच परत लावली. "दादा, वाकडी नाही ना?" एवढंच तिनं विचारलं. मी चार पावलं मागं सरून पाहिलं. सरळ होती.