चित्रदालनाचं राहिलेलं माप

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की त्यालाच पुढं बोलावून त्याची फिरकी घ्यायचो. त्यामुळं इथं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा.

आमचं गाव नांदेड-लातूर रस्त्यावरचं, तालुक्याचं. नगरपरिषदेचं वस्तुसंग्रहालय आहे ती इमारत म्हणजे निजामाच्या काळातली कचेरी. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्याच्या भिंती — इतक्या जाड की खिडकीत माणूस पाय पसरून बसावा. पोलीस ॲक्शननंतर तिथं धान्याचं गोदाम झालं, मग काही वर्षं शाळा भरली, आणि पुढं शेतांत सापडलेल्या मूर्ती न् वीरगळ आणून ठेवता ठेवता संग्रहालय झालं. वरच्या मजल्यावर लांबलचक चित्रदालन, आमच्याच भागातल्या ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचं. छपराला मधोमध काचा आहेत. ऊन थेट चित्रांवर पडत नाही, चुन्याच्या भिंतीवरून सावकाश खाली उतरतं. जन्म या गावात गेला, पण मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. हे दाखवलं माझ्या लेकीनं.

रेवती आमची एकुलती एक. नांदेडला आर्किटेक्चरला होती. शेवटच्या वर्षाला तिनं हीच इमारत घेतली — सगळी मोजून तिचे नकाशे काढायचे. सुट्टीत आली की मी तिचा हमाल! लांब टेपच्या टोकाची कडी ती भिंतीला धरायची, दुसऱ्या टोकाला आकडा वाचायला मी. कडी नीट धरली की ती टेपला दोन हलके झटके द्यायची. म्हणजे — वाचा आता.

"पप्पा, सायन्सचे सर असून टेप ढिली धरून राहिलात!" म्हणत हसायची.

चित्रदालन तेवढं राहिलं. मधेच छत गळायला लागलं म्हणून त्याला कुलूप लागलं. "दिवाळीत घेऊ," म्हणाली. दिवाळीच्या आधीच डेंग्यूनं ती गेली. हाताशी आलेलं पोर... यापुढं मला लिहवत नाही.

उन्हाळ्यात छत दुरुस्त झाल्याचं कळलं. तिच्या टेबलावर तो नकाशा तसाच होता, एका भिंतीपाशी थांबलेला. तो अर्धवट मला बघवेना. टेप घेऊन भर दुपारी संग्रहालयात गेलो. वॉचमन शादुलभाईंनी कुलूप काढलं.

"गुरुजी, एकटेच मोजता? म्या धरू का?"

"नको, राहू द्या." तिच्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला नको होतं.

"बरं. खाली हाय म्या."

कडी एका चित्राच्या खिळ्याला अडकवली आणि टेप सोडत भिंतीकडेनं दुसऱ्या टोकाला गेलो. मधे चित्रांच्या लाकडी फळ्या उभ्या आहेत, त्यामुळं पलीकडचं काही दिसत नव्हतं. पोचतो न पोचतो तोच कडी फरशीवर पडल्याचा आवाज आला. चडफडत परत वळणार, तेवढ्यात हातातली टेप ताणली गेली. आणि दोन हलके झटके बसले.

शादुलभाई आले असतील, असं आधी मनात आलं. पण खिडकीतून ते खाली लिंबाच्या सावलीत बसलेले दिसत होते. जिना एकच, तोही माझ्या पाठीशी. भीती म्हणाल तर अजिबात वाटली नाही... फार बरं वाटलं, एवढंच खरं. आकडा वाचला, तळहातावर लिहिला. आणि तिच्याबरोबर दर मापानंतर जे म्हणायचो तेच सवयीनं तोंडातून गेलं —

"झालं गं, सोड."

टेप ढिली पडली.

धावत गेलो. खिळा भिंतीत घट्ट होता, कडी खाली फरशीवर. कुणी नव्हतं. त्या भिंतीला हात लावून मी लहान पोरासारखा रडलो. "धर गं, परत धर," असं किती वेळ म्हणत होतो, आठवत नाही.

नकाशा पुरा केला. कारणंही शोधून पाहिली — वारा, टेपचा पीळ, माझं दुखावलेलं मन. कडी पडल्यावर टेप ताणली कशी, याचं उत्तर यातल्या एकानंही दिलं नाही.

रेवतीच्या आईला हे सांगायचा धीर बरेच दिवस झाला नाही. परवा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिथं कोण होतं, असं विचारलंसुद्धा नाही. पदरानं डोळे पुसत इतकंच म्हणाली,

"अन् तुम्ही सोड कामून म्हणलात हो?"