व्हॅलेन्सियाचा बेत

शुभदा देवस्थळीने संसारात नवऱ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. लपवण्याजोगं काही घडतच नव्हतं म्हणा ना. त्यामुळे साठी उलटल्यावर मनात एक आणि ओठांवर दुसरं अशी वेळ आली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

निमित्त झालं भाचीचं. तिच्या बहिणीची मुलगी स्वानंदी पॅरिसला असते. "मावशी, काकांना घेऊन मे महिन्यात ये, महिनाभर राहा," म्हणून तिने धोशाच लावला होता. शेवटी विमानाची तिकिटं निघाली. त्यानंतर एका दुपारी डाळ निवडता निवडता शुभदा सहज बोलल्यासारखं बोलली, "अहो, पॅरिसहून स्पेनला रेल्वे जाते का हो?"

"जाते की. का?"

"एवढं लांब जातोय, तर एखादा मोठा रेल्वेप्रवासही करावा म्हणते. व्हॅलेन्सिया म्हणून एक शहर आहे, समुद्राकाठी."

"व्हॅलेन्सियाच का?"

"संत्री छान असतात म्हणे."

रत्नाकर देवस्थळी मनापासून हसले. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात उभी नोकरी काढून ते निवृत्त झाले होते, आणि बंगळूरला के. आर. पुरमच्या घरी त्यांना करायला काही उरलं नव्हतं. बागेतल्या चार कुंड्या, सकाळचं फिरणं आणि रिक्षावाल्यांशी कानडीतून राजकारण, एवढाच काय तो उद्योग. बायकोने आयतंच काम दिलं. "सरी!" असा कानडीतच होकार देऊन ते चष्मा शोधायला उठले.

व्हॅलेन्सियाला केतकी होती. हे शुभदाने सांगितलं नाही.

केतकी म्हणजे तिची सून. म्हणजे पूर्वीची. मकरंदची पहिली बायको. नागपूरची पोर, आई लहानपणीच गेलेली. लग्न होऊन आली ती थेट शुभदाच्या स्वयंपाकघरात. कामाला नव्हे, गप्पांना. कोरमंगलाच्या ऑफिसातून आली की पर्स खुर्चीवर टाकायची, ओट्यावर चढून बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कोणाचं प्रमोशन हुकलं, कॅबवाल्याने काय गाणी लावली, डब्यातली भाजी कोणी पळवली. शुभदाला पन्नाशीनंतर स्कूटर शिकवली ती केतकीनेच. मागून धावत यायची आणि ओरडायची, "आई, ब्रेक नाही, आधी समोर बघा!"

पुढे मकरंदचं आणि तिचं बिनसलं. भांडणतंटा काही नाही. दोघं हळूहळू एकमेकांशी बोलेनासे झाले. शुभदाला ते कळलंही नाही, कारण घरात केतकीचं बोलणं तर चालूच होतं. ते फक्त आपल्याशीच चालू आहे, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. समजुतीने घटस्फोट झाला. केतकी बॅगा घेऊन निघाली त्या सकाळी रत्नाकर खोलीतून बाहेरच आले नाहीत. नंतर एकदाच म्हणाले, "पोराला त्रास होतो. तिचं नाव घरात नको." मग मकरंदचं दुसरं लग्न झालं. यशश्री आली. यशश्रीत काही कमी नव्हतं. शोधूनही सापडलं नसतं. म्हणूनच तर शुभदाला कोणाजवळ बोलता येईना. सून आहे, चांगली आहे, आणि तरी दुसऱ्याच एका मुलीची आठवण येते, हे सांगायचं कसं? आणि ती आपली कोण, म्हणून सांगायचं?

दर दिवाळीला केतकीचा मेसेज यायचा, "नमस्कार आई, सगळ्यांना शुभेच्छा." शुभदा उत्तर द्यायची, "सुखी राहा." गेल्या खेपेला केतकीने एवढंच जास्त लिहिलं होतं की आता नोकरी व्हॅलेन्सियाला आहे, हवा बंगळूरसारखी नाही, पण समुद्र आहे.

इकडे रत्नाकरांनी जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू जेवणाच्या टेबलावर पसरली आणि पेन्सिलीने मार्ग आखला. पॅरिसहून सकाळची वेगवान गाडी, दक्षिणेकडे थेट बार्सिलोनापर्यंत. तिथे गाडी बदलायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने व्हॅलेन्सिया. गाडीला दोन मजले असतात हे कळल्यावर त्यांना वरच्या मजल्याचा मोह झाला. शुभदाच्या गुडघ्यांकडे बघून त्यांनी तो आवरला. स्वानंदीच्या घरून स्टेशनला मेट्रोने जायचं की टॅक्सीने, दोघांत मिळून बॅग एक की दोन, वाटेत दशम्या न्याव्यात की तिथलंच काही खावं, एकेका प्रश्नावर त्यांची अख्खी सकाळ जायची.

मग त्यांना एक नवाच छंद लागला. रेल्वेच्या खिडकीतून काढलेले लांबच लांब व्हिडिओ असतात, ते त्यांनी शोधून काढले. चहा घेऊन दोघं टीव्हीसमोर बसायची. आधी हिरवी शेतं, मग द्राक्षांचे मळे, मग उन्हात पांढरी पडलेली गावं. फ्रान्सच्या टोकाला गाडी पाण्याच्या मधोमध चालल्यासारखी दिसायची. दोन्हीकडे खाऱ्या पाण्याची तळी आणि त्यात उभे रोहित पक्षी.

"हे बघ, नार्बोन आलं," रत्नाकर सांगायचे. "आता सरहद्द जवळच."

शुभदा बघायची. नवऱ्याला डोंगर दिसत होते, बोगदे दिसत होते. तिला एकच दिसत होतं, की केतकी जवळ येतेय. व्हिडिओ संपला की पडदा काळा व्हायचा. मग ती कपबशा उचलून आत जायची.

रेल्वेची तिकिटं काढायची वेळ आली, तेव्हा रत्नाकरांनी विचारलं, "व्हॅलेन्सियात हॉटेल कुठल्या भागात बघू? समुद्राजवळ की गावात?"

शुभदा कढीलिंब तोडत होती. आता पुढे ढकलता येईना.

"केतकी आहे तिथे," ती म्हणाली.

रत्नाकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॅलेंडरची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली. त्या दिवसापासून टीव्हीवर क्रिकेट लागायला लागलं.

तो अबोला शुभदाला भांडणापेक्षा जड गेला. चूक तिचीच होती, हे तिला दिसत होतं. नवरा इतक्या आनंदाने नकाशे काढत होता आणि आपण त्याला संत्र्यांची थाप मारली.

पुढच्या आठवड्यात एका लग्नाची साडी घ्यायला दोघं चामराजपेटला गेली. परतताना बस सिग्नलला बराच वेळ अडकून पडली, आणि खिडकीबाहेर बघत रत्नाकरांनी एकदम विचारलं, "तिला विचारलंस?"

"नाही."

"म्हणजे तिचं बोलावणं नाही, आणि आपण जाऊन दार वाजवणार?"

"दार वाजवायचं नव्हतं हो," शुभदा म्हणाली. "नुसतं बघायचं होतं."

बस हलली तसे ते म्हणाले, "मग विचार. आणि मकरंदलाही सांग. चोरून कुठे जायचं वय गेलं आपलं."

रविवारी मकरंद आणि यशश्री जेवायला आले, तेव्हा तिने सांगितलं. मकरंदने घास तसाच हातात धरला. "आई, मी कधी नको म्हटलं होतं?" तो म्हणाला नव्हता, हे खरं होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. यशश्री इतकंच म्हणाली, "तिकिटं मी काढून देते, माझं कार्ड चालतं तिथे." पण नंतर ताटं विसळताना तिने खालच्या आवाजात विचारलं, "आई, त्या फार छान होत्या का?"

"मला स्कूटर तिने शिकवली," शुभदा म्हणाली. मग साबणाचाच हात यशश्रीच्या पाठीवर ठेवला. कुडता ओला झाला, पण यशश्री बाजूला झाली नाही.

केतकीला मेसेज लिहायला शुभदाने दोन दिवस घेतले. लिहिलं ते एवढंच: मे महिन्यात आम्ही पॅरिसला येतोय, रेल्वेने व्हॅलेन्सियाला यावं असं मनात आहे, तुला चालेल का? उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला. शुभदा फोन देवघरात ठेवायची, ओट्यावर ठेवायची, उशाशी ठेवायची. रत्नाकर विचारायचे नाहीत, नुसते तिच्या तोंडाकडे बघायचे.

शेवटी फोनच आला, भर दुपारी.

"आई..." केतकी म्हणाली आणि थांबली. मग घाईघाईने बोलायला लागली. "मी लगेच नाही लिहिलं, सॉरी. आई, इथे माझ्याबरोबर कोणीतरी आहे. चांगला आहे. तुम्ही घरी आलात तर मी त्याला काय सांगू? माझ्या आधीच्या नवऱ्याचे आईवडील राहायला आलेत?"

"ओळखीची माणसं म्हणून सांग. बंगळूरची."

"तसं नाही सांगता येणार मला," केतकी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तुम्ही आलात की मला परत सगळं आठवेल. आता कुठे मी जरा सावरलेय."

खिडकीबाहेर स्टेशनात शिरणाऱ्या कुठल्याशा गाडीचा भोंगा वाजत राहिला. तो केतकीलाही ऐकू गेला असावा.

"के. आर. पुरम," ती हलकेच म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही गाडी बार्सिलोनाला बदलणार ना? मी तिथे येते. दिवसभर थांबते. घरी नको, आई. तिथे भेटू."

रत्नाकरांनी कपाटावरची गुंडाळी खाली काढली आणि बार्सिलोनापुढची रेघ खोडरबराने पुसली. पुसताना कागद चुरगळू नये म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला होता. "बार्सिलोनाही काही लहान गाव नाही," ते म्हणाले.

मे महिन्यात ती दोघं गेली. सगळं आखल्याप्रमाणे झालं. केतकी स्टेशनच्या मोठ्या दालनात उभी होती. केस कापले होते, जरा वाळली होती. ती वाकायला लागली तशी शुभदाने तिला मध्येच धरलं, आणि मग कितीतरी वेळ कोणी कोणाला सोडलं नाही. स्टेशनशेजारी एक बाग आहे, तळं आहे. तिथे बसून तिघांनी चामराजपेटहून नेलेले कुरकुरीत कोडुबळे खाल्ले. रत्नाकर मोकळे होऊन बोलत होते. सगळं गाडीबद्दलच, वेग किती, रुळांची रुंदी किती, स्पेनच्या जुन्या रुळांचं माप वेगळं कसं. केतकी मान डोलावत ऐकत होती. एकदा तिने मकरंदची चौकशी केली. "बरा आहे," रत्नाकर म्हणाले, आणि परत रुळांवर आले. मध्येच बोलता बोलता थांबून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी केतकीची व्हॅलेन्सियाची गाडी होती. तिथे तिकीट नसलेल्याला फलाटावर जाऊ देत नाहीत. बॅगा तपासतात तिथेच निरोप घ्यावा लागतो. केतकी पलीकडे गेली, वळली, हात हलवला. सरकता जिना तिला खाली घेऊन गेला. ज्या गाडीची शुभदाने इतके महिने वाट पाहिली, ती तिला नजरेलाही पडली नाही.

दोघं हॉटेलवर आली तरी बाहेर उजेड होता. रत्नाकर बूट काढून आडवे झाले. रात्री शुभदाच्या फोनवर केतकीचा मेसेज आला. शुभेच्छा नव्हत्या, नमस्कार नव्हता. एकच शब्द होता.

"पोचले."

"जेवलीस का?" शुभदाने लिहिलं आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिली.