दोन्हीकडची

पोत्याची शिवण उकलली, की ती आधी एक दाणा दाताखाली धरायची आणि म्हणायची, “हे आपली नव्हे, भाऊ.”

वाशिमच्या डाळमिलमध्ये ती तूर निवडायला यायची. मी तिथला कारकून. मानोऱ्याकडच्या तांड्यावर तिची स्वतःची दोन एकर तूर होती. परदेशी तुरीमुळे मिल बारा महिने चालायची, म्हणून तिला ऊसतोडीला जावं लागत नसे. पण तीच तूर ऐन हंगामात उतरली, की हिच्या तुरीचा भाव पडायचा. तुम्हाआम्हाला हे वर्तमानपत्रातून कळतं. तिला पोत्यातून कळायचं.

“कोठची होय?” तिनं एकदा विचारलं.

“आफ्रिकेची.”

“तिथं बी बायाच निंदतात काय?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. शेवटी मी मोबाइलवर एक फोटो शोधून दाखवला. पाठीला लेकरू बांधून एक बाई तूर कापत होती. ही बराच वेळ पाहत राहिली.

“हिचं बी पोट याच्यावरच आहे मंग,” एवढंच म्हणाली.

पुढे आयातीबद्दल मतं ऐकायला दिल्लीहून अधिकारी आले. सभागृहात डावीकडे शेतकरी, उजवीकडे कामगार. शेतकऱ्यांना आयात बंद हवी होती. ‘चालू ठेवा’ म्हणा, असं मालकांनी आम्हा कामगारांना बजावलं होतं. ती मधल्या वाटेतच उभी राहिली.

“बाई, बसून घ्या,” एक अधिकारी म्हणाले.

“कोनीकडं बसू? मी दोन्हीकडची आहो.”

लोक हसले. ती हसली नाही. “आमची तूर निघते ते तीन महिने जहाज थांबवा, साहेब. मंग खुशाल आना. मले भाव बी पाह्यजे अन् काम बी.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. 

काढणीच्या तोंडावर हुकूम आला : आयात चालूच राहील. परदेशी तुरीचा ट्रक फाटकात शिरला, तशी ती उठली.

“हे तीन महिने मी नाही निवडत.”

“काम जाईल तुमचं,” मी म्हणालो.

“मले ठावं आहे.”

आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी बाई आली.

तिच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर सही घ्यायला मी तांड्यावर गेलो, तेव्हा ती स्टुलावर उभी राहून तूर उफणत होती.

“आता काय करणार?”

“घरीच डाळ करीन, मानोऱ्याच्या बाजारात बसीन. नाही जमलं तर ऊस आहेच.” तिनं सूप वर उचललं. “कागद मंग पाहू. वारा आहे तवर ताडपत्रीचं ते टोक धरा, भाऊ.”

मी फॉर्म खिशात घातला आणि टोक धरून बसलो. भुसा उडून माझ्या चष्म्यावर बसत होता, आणि दाणा सरळ खाली पडत होता.